टायर आतून झिजतोय? अलाइनमेंटला पैसे देण्याआधी आपल्या गाडीत काय फिरतं ते समजून घ्या

पावसाळा संपला की गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागते. कुणाची गाडी डावीकडे ओढते, कुणाचं स्टेअरिंग सरळ रस्त्यावरही वाकडं राहतं. काहींना तर काहीच जाणवत नाही. बाहेरून टायर चांगला दिसतो आणि गाडी जॅकवर घेतली की आतली कड तारेपर्यंत गेलेली निघते. धोका इथंच आहे. असा टायर हायवेवर भरल्या गाडीखाली फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

अलाइनमेंट म्हटलं की मशीनला गाडी लावली आणि सगळं झालं, असा अनेकांचा समज असतो. मशीन फक्त मोजून दाखवतं. दुरुस्ती पाना घेऊन फिटरलाच करावी लागते. आणि काय फिरवता येतं, हे गाडीच्या सस्पेन्शनवर ठरतं.

तीन माप कोणते?

टो : माणूस चालताना पायाचे अंगठे आत किंवा बाहेर वळलेले असतात, तसं चाकांचं. पुढून आत वळली तर टो-इन, बाहेर वळली तर टो-आउट. टायर सगळ्यात जास्त खातो तो टो बिघडल्यावर. चाक १ अंशाने जरी तिरकं राहिलं, तरी १ किलोमीटरमागे साधारण १७ मीटर आडवं घासल्यासारखं होतं.

कॅम्बर : गाडीसमोर उभं राहून पाहिलं तर चाकाचा माथा आत किंवा बाहेर किती कलला आहे, ते माप. आत जास्त कलला तर आतली कड झिजते, बाहेर कलला तर बाहेरची.

कॅस्टर : सायकलचा पुढचा चिमटा जसा मागे कललेला असतो, तसा चाक वळण्याच्या अक्षाचा कल. वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ येतं ते मुख्यतः यामुळे. दोन्ही बाजूंच्या कॅस्टरमध्ये जास्त फरक पडला तर गाडी एका बाजूला ओढते.

छोट्या कार : अल्टो, वॅगन आर, स्विफ्ट

या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र, खाली एकच लोअर आर्म. अशा बहुतेक गाड्यांत कंपनीने फक्त टो फिरवायची सोय दिलेली असते. टाय रॉडचा चेकनट सैल करायचा, रॉड फिरवून लांबी कमी-जास्त करायची आणि चेकनट पुन्हा आवळायचा. दोन्ही बाजूंचे रॉड सारखे फिरवावे लागतात. एकच फिरवला तर टो जुळतो, पण स्टेअरिंग वाकडं बसतं.

कॅम्बर चुकलेला निघाला तर कारण शोधावं लागतं. खड्ड्यात आदळून स्ट्रट किंवा लोअर आर्म वाकलेला असतो, नाहीतर बुश, बॉल जॉइंट गेलेला असतो. तो भाग बदलणं हाच खरा इलाज. काही गाड्यांत स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या दोन बोल्टमध्ये थोडी फट असते, तेवढ्यात कॅम्बर किंचित सरकतो. काही ठिकाणी मात्र जोर लावून स्ट्रटच वाकवतात. मशीनवर आकडा हिरवा होतो, पण वाकवलेल्या लोखंडाचा भरवसा राहत नाही. म्हणून 'कॅम्बर सेट केला' असं सांगितलं तर 'कसा केला?' हे जरूर विचारा.

स्कॉर्पिओसारख्या मोठ्या गाड्या

इथं चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म असतात. याला डबल विशबोन म्हणतात. या प्रकारात बहुधा तिन्ही माप जुळवता येतात. काही गाड्यांत आर्मच्या बुडाशी पातळ पत्र्याचे शिम असतात. पुढच्या-मागच्या दोन्ही बोल्टवर सारखे शिम वाढवले किंवा काढले की कॅम्बर बदलतो. एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी केले की कॅस्टर बदलतो. काही गाड्यांत शिमऐवजी कॅम बोल्ट असतो. तो फिरवला की आर्म आत-बाहेर सरकतो.

स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार असलेल्या गाडीत आधी पुढची उंची दोन्हीकडे बरोबर करावी लागते. उंची चुकली तर पुढचे सगळे आकडे चुकतात.

छोटा हत्ती, ट्रक आणि ट्रॅक्टर

छोटा हत्ती, ट्रक यांना पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि कमानपाटे असतात. यात नेहमीचं काम एकच, टो. दोन चाकांना जोडणारा टाय रॉड फिरवून तो जुळवतात. कॅम्बर अ‍ॅक्सलच्या घडणीतच ठरलेला असतो. तो चुकला तर किंगपिन, बुश झिजलेत की अ‍ॅक्सल वाकलाय, हे पाहावं लागतं. कॅस्टरसाठी पाटा आणि अ‍ॅक्सलमध्ये पाचर घालतात.

ट्रॅक्टरचा टो घरीही तपासता येतो. सपाट जागेवर स्टेअरिंग सरळ ठेवा. दोन्ही पुढच्या चाकांवर पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर खडूने खूण करा आणि खुणांमधलं अंतर टेपने मोजा. मग चाक अर्धा फेरा फिरेल इतका ट्रॅक्टर पुढे घ्या. खुणा मागे आल्या की त्याच उंचीवर पुन्हा मोजा. मागचं अंतर पुढच्यापेक्षा जेवढं जास्त, तेवढा टो-इन. तो किती हवा, हे ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेलं असतं.

क्रम चुकला तर पैसे वाया

आधी चारही टायरची हवा बरोबर करा. मग चाक उचलून बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, बुश आणि बेअरिंगमध्ये ढिलेपणा आहे का ते बघा. ढिले भाग तसेच ठेवून केलेली अलाइनमेंट पहिल्याच खड्ड्यात जाते. त्यानंतर कॅस्टर, मग कॅम्बर आणि टो सगळ्यात शेवटी. कॅम्बर हलवला की टोही हलतो, म्हणून हा क्रम.

गाडी ओढत असेल तर पुढची दोन चाकं आपसात बदलून पाहा. ओढ उलट बाजूला गेली तर दोष टायरचा आहे. विशिष्ट वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग तपासा. अलाइनमेंटने ती थरथर जात नाही.

गाडीमालकाने एवढं करावं

- महिन्यातून एकदा स्टेअरिंग पूर्ण वळवून टायरची आतली कड बघा. गाडी बंद असताना टायरवर आडवा हात फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो बिघडलाय.
- टायरच्या खाचेत १.६ मिलिमीटर उंचीची खूण असते. रबर तिथपर्यंत झिजलं की टायर बदलायचाच.
- कामाआधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंट मागा. कुठला आकडा बदलला, कुठला तसाच राहिला ते विचारा.
- टाय रॉड, लोअर आर्म किंवा स्ट्रट बदलला, किंवा चाक जोरात आदळलं, की अलाइनमेंट तपासून घ्या.

प्रिंटवरचा लाल आकडा तसाच राहिला आणि फिटर म्हणाला, 'या गाडीत हा फिरत नाही', तर तो खोटं बोलतोय असं नाही. पण मग तो आकडा कशामुळे चुकला, हे शोधल्याशिवाय नवे टायर टाकू नका. नाहीतर तेही त्याच बाजूने जातील.