गाण्यावर वयाचा शिक्का

श्रोतेहो, शाळेचे स्नेहसंमेलन आठवा. दुसरी-तिसरीची पोरे गाण्यावर ठेका धरून नाचतात, आयाबाया कौतुकाने टाळ्या पिटतात, आणि गाण्याचे शब्द कोणी नीट ऐकलेलेच नसतात. मग रात्री पोर विचारते, "आई, याचा अर्थ काय गं?" आई म्हणते, "गप जेव!"

आपण म्हणाल, सिनेमाला असतो तसा वयाचा शिक्का गाण्यालाही द्यावा. सिनेमाच्या 'यूए' वर्गात २०२४ पासून ७, १३ आणि १६ वर्षे असे टप्पे केले आहेत. केबल टीव्हीच्या नियमांतही २००६ पासून अट आहे, की सर्वांनी पाहण्याजोगे असल्याचा दाखला असल्याशिवाय सिनेमातले गाणे दाखवू नये. पण तेच गाणे चित्र मागे टाकून नुसत्या आवाजाने फोनमध्ये वा मांडवातल्या डीजेवर आले, की दाखला तिकडेच राहतो.

अमेरिकेत पालकांनी ओरड केली, तेव्हा १९८५ साली तिथल्या कंपन्यांनी तबकड्यांवर इशाऱ्याची चिठ्ठी लावायचे कबूल केले. आज फोनवर काही गाण्यांपुढे इंग्रजी 'ई' अक्षर दिसते, ते त्याच वळणाचे. ते दिसले तर गाण्यात शिवीगाळ किंवा उघडेवाघडे बोल असावेत असे समजावे. मात्र त्यावर वय लिहिलेले नसते, आणि खूण लावायची ती गाणे काढणाऱ्यांनीच! आपल्याकडचे दुहेरी अर्थाचे गाणे त्या चाळणीतून खुशाल खाली पडते. तेव्हा 'ई' नाही म्हणून गाणे निर्धोक, असे धरून चालू नये.

बरे, बंदीच घालावी? तो प्रयोग आपल्या आकाशवाणीने करून पाहिला आहे. १९५२ नंतर, बा. वि. केसकर मंत्री असताना, सिनेमाची गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केले? काटा फिरवून रेडिओ सिलोन लावले! शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली आणि ती गाणी घरी परत आली. घरातल्या बंदीचेही तसेच. पोर शेजारच्याच्या फोनवर ऐकते, इतकेच.

आता आपल्या मुळशीकडे पाहा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी इथल्या गावांतून, आणि पुढे महाराष्ट्रभरातून, जात्यावरच्या लाखावर ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेरची माया आहे, तसा सासुरवास आहे, मार आहे, मूल नसल्याचे दुःखही आहे. मांडीवरचे पोर हे सारे ऐकतच वाढले. सगळे त्याच्या वयाजोगे होते असे मी म्हणणार नाही. पण गाणारी आई तिथेच होती; पोराने विचारले तर सांगायला माणूस होते. कानात बोंडे घालून पोर एकटे ऐकते, तेव्हा ते माणूस नसते.

म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये 'ई'ची गाणी बंद करायची सोय असेल तर ती जरूर करा. दोन मिनिटांचे काम आहे. पण दिवसातून एखादे गाणे पोराच्या पसंतीचे, मोठ्या आवाजात, त्याच्याशेजारी बसून ऐका. लगेच नाक मुरडू नका, नाहीतर उद्या ते दुसरे गाणे ऐकवणार नाही.

आणि गुरुजी, बाई, संमेलनाची गाणी ठरवताना नुसती चाल ऐकून होकार देऊ नका. आधी शब्द कागदावर उतरवून मागा आणि शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी ते मोठ्याने वाचा. वाचताना खोलीत हशा पिकला, तर दुसरे गाणे शोधायला अजून महिना हाती असेल, अशा बेताने हे काम दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच उरका.