दाबा... धरा... सोडा!

रविवारची सकाळ. दक्षिण कोलकात्यातल्या एखाद्या गल्लीत जुनी पांढरी ॲम्बॅसेडर उभी असते. मागचं डावं चाक काढलेलं. तिथे लुंगी खोचून मुलगा उकिडवा बसलेला, हातात पाना, पुढ्यात काचेची बाटली. स्टिअरिंगपाशी वडील. चहा केव्हाच निवलेला, पण लक्ष कुणाचं आहे? 'चापो, बाबा... धोरे राखो... छाडो!' दाबा, धरून ठेवा, सोडा. अर्धा तास एवढाच संवाद. बाकीचे घरचे वाद तेवढ्यापुरते बंद!

हा उद्योग म्हणजे ब्रेकमधली हवा काढणं. गॅरेजच्या भाषेत ब्लीडिंग. ॲम्बॅसेडर ही तर या शहराची घरचीच गाडी. शेजारच्या हुगळी जिल्ह्यात, उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्समध्ये ती १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून बनत होती. मे २०१४मध्ये कारखाना थांबला. पंधरा वर्षं वयाच्या नियमामुळे रस्त्यावरच्या पिवळ्या टॅक्सीही कमी कमी होत गेल्या. ज्यांनी हौसेने गाडी जपली, त्यांना सुट्या भागांसाठी मल्लिक बाजार पालथा घालावा लागतो आणि बरीचशी कामं स्वतःच शिकावी लागतात. त्यात सगळ्यात जोखमीचं काम ब्रेकचं.

तत्त्व शाळेतलंच, पास्कलचं. बंद नळीतल्या द्रवावर एका टोकाला दाब दिला की तो तसाच दुसऱ्या टोकाला पोचतो. अमेरिकेत १९२१च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना असे द्रवाचे ब्रेक बसले, आणि पुढे ते घरोघरच्या गाड्यांत आले. द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दाबली जाते. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पायाचा जोर तो बुडबुडा चेपण्यातच खर्च होतो. पेडल मऊ, लिबलिबीत लागतं. दोनतीनदा पंप केल्यावर कुठे ब्रेक लागतो. पुढे अचानक रिक्षा आडवी आली, तर पंप करायला सवड कोण देणार?

हवेइतकाच दुसरा शत्रू पाणी. ब्रेक ऑइल म्हणतात, पण ते खनिज तेल नव्हेच. कुणी सज्जनाने त्यात चुकून इंजिन ऑइल ओतलं, तर आतले रबर फुगतात आणि सगळी यंत्रणाच खोलावी लागते. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतली वाफ शोषून घेतं. कोलकात्याच्या दमट हवेत तर विचारूच नका! डॉट-३ दर्जाचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात साडेतीन-चार टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते. सपाट कोलकात्यात हे कळतही नाही. पण पूजेच्या सुट्टीत हीच गाडी दार्जिलिंगला जाते. तिथून सिलिगुडीपर्यंत सुमारे दोन हजार मीटर खाली उतरायचं. कर्सियांगनंतरच्या पांखाबाडीच्या तीव्र उतारावर ब्रेक तापतात, आतलं पाणी उकळतं, वाफ होते आणि पेडल थेट तळाला! म्हणूनच साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलावं, असं जाणकार सांगतात. उघडून ठेवलेला जुना डबाही वापरू नये.

आता कृती. गाडी नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवू नये, भक्कम स्टँड हवा. चाक काढलं तरी ड्रम जागेवरच राहू द्यावा, नाहीतर पेडल दाबताच व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतील. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडच्या गाड्यांत बहुधा मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करायची. निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवायचं. आतल्याने पेडल दाबून धरायचं, बाहेरच्याने निपल सैल करायचं. बुडबुडे निघतात. मग निपल आवळायचं, आणि आवळल्यानंतरच पेडल सोडायचं. सगळी गोम इथेच आहे! सोडण्याची घाई झाली की गेलेली हवा परत आत.

मधूनमधून टाकीत ऑइल भरत राहावं. ती रिकामी झाली की केलेली मेहनत वाया. जुन्या गाडीत पेडल पार तळापर्यंत रेटू नये, कारण मास्टर सिलिंडरच्या न वापरलेल्या, गंजक्या भागावर रबर घासून फाटतं. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवला की झालं. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवावा, रंग सोलला जातो.

ज्या गाड्यांचा क्लच द्रवावर चालतो, तिथेही रीत हीच, फक्त निपल एकच. क्लचमध्ये हवा शिरली की गिअर टाकताना खरखर होते. ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असेल, तर अनेक गाड्यांत ऑइल कमी झाल्याची पहिली वर्दी क्लचच देतो. त्याकडे दुर्लक्ष नको. एबीएस असलेल्या नव्या गाडीचं काम मात्र गॅरेजवरच सोपवावं, कारण काहींना संगणक जोडावा लागतो. आणि हवा काढूनही पेडल हळूहळू खाली जात असेल, तर दोष हवेचा नाही. कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं रबर गेलंय. अशी गाडी रस्त्यावर काढायचीच नाही.

चारही चाकं झाली की बाटलीत चहासारखं काळपट ऑइल साचलेलं असतं. वडील पेडलवर पाय ठेवून मिनिटभर दाबून धरतात. पाय खाली जात नाही. मग चाकं बसवून, नट आवळून गाडी गल्लीतच चालण्याच्या वेगाने पुढे, ब्रेक... मागे, ब्रेक... मुलगा शेजारून चालत, कान चाकाकडे लावून.