रुग्णाची नोंद आणि भागीदारीचा करारनामा

नागपूरहून हिंगण्याकडे येणाऱ्या रस्त्यावर, डिगडोहच्या टेकडीवर, 1990 मध्ये एन. के. पी. साळवे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. या परिसरात राहून रुग्णालयांसाठी नवे सॉफ्टवेअर घडवू पाहणाऱ्या तरुणांच्या मनात, या क्षेत्रात आधीच स्थिरावलेल्या कंपन्यांशी भागीदारी करण्याविषयी जे समज रूढ झाले आहेत, त्यांची वस्तुस्थितीशी रुजवात घालणे अगत्याचे आहे.

गैरसमज : प्रस्थापित कंपनीची सही मिळाली की तिची सर्व रुग्णालये आपली गिऱ्हाइके झाली.

वस्तुस्थिती : सहीने प्रवेश मिळतो, विक्री होत नाही. कंपनीचे प्रतिनिधी स्वाभाविकपणे स्वतःचा माल आधी खपवतात. म्हणून त्यांचा मोबदला किती आणि मध्यरात्री यंत्रणा बंद पडल्यास रुग्णालयाचा फोन कोणी घ्यायचा, हे करारनाम्यात आधीच लिहिलेले असावे.

गैरसमज : रुग्णालयांच्या यंत्रणांशी जोडणी सर्वस्वी मोठ्या कंपनीच्या मर्जीवर अवलंबून असते.

वस्तुस्थिती : 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनने रुग्णाच्या ओळखीचा 14 अंकी ‘आभा’ क्रमांक आणि ‘एफएचआयआर’ या खुल्या मानकाच्या आधारे नोंदींच्या देवघेवीचा सामायिक मार्ग घालून दिला आहे. हिमोग्लोबिन ‘9’ एवढाच आकडा पाठवला तर तो अपुरा. चाचणीचा संकेतांक आणि ‘ग्रॅम प्रति डेसिलिटर’ हे एकक सोबत गेले, तरच दुसऱ्या रुग्णालयातील डॉक्टरला त्याचा निःसंदिग्ध अर्थ लागतो. तथापि, रुग्णालयाच्या अंतर्गत दप्तरात, म्हणजे केसपेपरच्या खिडकीपासून औषधभांडारापर्यंत, शिरकाव करायचा असेल तर जुन्या कंपनीचे सहकार्य अजूनही लागतेच.

गैरसमज : दुसऱ्या कोणाशीही व्यवहार न करण्याची अट मान्य केल्याने भागीदारी दृढ होते.

वस्तुस्थिती : 1872 च्या करार अधिनियमाचे कलम 27 व्यवसायाला प्रतिबंध करणारा करार निरर्थक ठरवते, परंतु कराराच्या मुदतीपुरती अशी अट न्यायालये सामान्यतः ग्राह्य मानतात. म्हणून मुदत अल्प ठेवावी आणि विक्रीचे किमान उद्दिष्ट गाठले न गेल्यास अट आपोआप संपुष्टात यावी.

गैरसमज : साठवलेली माहिती सॉफ्टवेअर कंपन्यांची मालमत्ता असून ती भागीदारीत वाटून घेता येते.

वस्तुस्थिती : केंद्र सरकारच्या 2016 च्या इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंद मानकांनुसार ती माहिती रुग्णाची असते, रुग्णालयाकडे ती केवळ अमानत म्हणून राहते.

नवोद्योजकांनी करारातील प्रत्येक कलम वाचताना ही अमानत प्रथम स्मरावी, आणि जी अट रुग्णाला समक्ष समजावून सांगण्याचा संकोच वाटेल, तिच्यावर सही करू नये.