सही कुणाची?

एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी: हे मालवणजवळचे देवबाग. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा ठरला आणि मासेमारांच्या या गावात घरोघरी पाहुणे उतरू लागले. खोल्या, जेवण, बाजारहाट सांभाळणारी गृहिणी व्यवस्थापक झाली. शहरात याच कामाला पगार मिळतो! पण आम्ही विचारतो, दर कोण ठरवतो? बँकेत सही कुणाची? वेंगुर्ल्यात स्वामिनी बचत गटाच्या महिला मांडवी खाडीत स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. हजरत खदीजा (रजि.) यांच्या व्यापारात माल त्यांचा, माणसे नेमणाऱ्याही त्याच. आपल्या भगिनींचा शिवणकामाचा किंवा मसाल्याचा धंदा मात्र बहुधा घरातल्या पुरुषाच्या नावावर असतो. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर, विनाशुल्क होते. ती स्वतःच्या नावाने करावी, खातेही वेगळे उघडावे.