सावित्रीकाठचे महाड

महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री नदी सह्याद्री उतरून पोलादपुरास येते आणि पुढे महाडला वळसा घालून बाणकोटच्या खाडीस मिळते. महाडहून समुद्र दूर आहे. तथापि खाडीतून चढणारी भरती या गावापर्यंत पोहोचते. पूर्वी या भरतीबरोबर लहान गलबते येथवर येत. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून खाली उतरे व येथे होडीत चढे. डोंगर आणि खाडी यांच्या या भेटीमुळेच महाडची पेठ भरभराटली. गांधारपाले येथील प्राचीन बौद्ध लेणी महाडच्या अगदी जवळ आहेत.

उत्तरेस रायगड उभा आहे. ६ जून १६७४ रोजी तेथे शिवरायांचा राज्याभिषेक झाला. गडावर जाण्यास आता रज्जुमार्ग आहे. पण चौदाशेंहून अधिक पायऱ्या चढून जो घामाघूम होऊन महादरवाजात पोहोचतो, त्यालाच हा गड राजधानीसाठी का निवडला, हे नीट उमगते! महाशिवरात्रीच्या सुमारास श्रीवीरेश्वराचा छबिना निघतो. आसपासच्या गावांतील देवतांच्या पालख्या वाजतगाजत त्याच्या भेटीस येतात आणि सारे गाव रात्रभर जागे राहते.

याच गावात चवदार तळे आहे. १९२४ साली नगरपालिकेने ते सर्वांना खुले केले होते. परंतु ठराव कागदावरच राहिला. गुरेढोरे जे पाणी पीत, ते अस्पृश्य मानलेल्या माणसांना मिळत नसे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले. पुढे खटला चालला व १९३७ साली उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला.

ज्या पाण्याने पेठ वाढविली, तेच पावसाळ्यात गावावर उलटते. डोंगरावर मुसळधार पाऊस पडला, की सावित्री, गांधारी व काळ या नद्या एकाच वेळी फुगतात. त्याच वेळी खाडीस भरती आली, तर पुराला समुद्राकडे वाट मिळत नाही; तो मागे तुंबतो व बाजारपेठेत शिरतो. जुलै २०२१ मध्ये असेच घडले. त्याच दिवसांत तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसे गेली. म्हणून आषाढ-श्रावणात पावसाची झड लागली, की महाडकर आभाळाकडे पाहतात आणि भरतीची वेळही विचारतात.