वेपवर बंदी आहे. त्यातला सेल मात्र घरोघरी आहे

इंदूरच्या राजवाड्याजवळचा जेल रोड म्हणजे मोबाईल, चार्जर, टॉर्च आणि त्यांच्या सुट्या भागांचा बाजार. आपल्याकडे म्हापसा-मडगावात जे सामान दोन-चार दुकानांत विखुरलेले असते, ते तेथे एकाच रस्त्यावर मिळते. त्यातील बऱ्याच वस्तूंच्या पोटात एकच जिन्नस असतो: पेन्सिल सेलपेक्षा थोडा जाड व थोडा उंच असा लिथिअम-आयन सेल. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत तो असतो, पॉवर बँकेत आणि टॉर्चमध्ये असतो, काही विजेवरच्या दुचाकींत तर तो शेकड्यांनी बसवलेला असतो. ज्या इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर, म्हणजे वेपवर, आपल्या देशात बंदी आहे, तिच्या मोठ्या प्रकारांतही हाच सेल वापरतात.

तापमान-नियंत्रण असलेला वेप कोणता घ्यावा आणि त्यात कोणता सेल घालावा, हा प्रश्न परदेशात उघडपणे विचारला जातो. आपल्याकडे तो दबक्या आवाजात विचारला जातो. विशेषतः परदेशी शिकून आलेल्या वा तेथे नातलग असलेल्या तरुणांत. त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. पहिला भाग छोटा आहे.

18 सप्टेंबर 2019 रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्याचे कायद्यात रूपांतर झाले. इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण आणि जाहिरात या साऱ्यांवर त्याने बंदी घातली. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणाऱ्याला शिक्षा सांगणारे वेगळे कलम त्यात नाही, हे खरे. पण ते उपकरण त्याच्या हाती पोचण्याचा प्रत्येक मार्ग गुन्ह्यातूनच जातो. दुबईहून येणाऱ्या मामाने सामानातून आणणे हीसुद्धा आयातच. यात निकोटिन असलेले वा नसलेले असा भेदही कायदा करत नाही.

या बंदीचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. चोरट्या मार्गाने आलेल्या मालावर जे छापलेले असते, त्याला कोणी जबाबदार नसतो. निवड करणे म्हणजे दोन लेबले वाचून त्यांतले एक पसंत करणे. लेबलच खोटे असू शकते आणि त्याची दाद मागायला जागा नाही, तेव्हा निवड उरत नाही, नुसता जुगार उरतो. तापमान-नियंत्रण आणि सेल या दोन्ही गोष्टी आतून कशा चालतात हे पाहिले, की हा जुगार किती मोठा आहे ते कळते.

वेपमध्ये एक बारीक तारेचे वेटोळे असते. त्यात कापसाची वात, आणि वातीत ग्लिसरिन व प्रॉपिलिन ग्लायकॉलचे द्रावण. तार तापली की द्रावणाची वाफ होते. वात ओली असेपर्यंत द्रावणच तारेची उष्णता खेचून घेते, पण वात कोरडी पडू लागली की तारेचे तापमान झपाट्याने चढते, कापूस करपतो आणि ग्लिसरिनचे विघटन होऊन ॲक्रोलिन, फॉर्माल्डिहाइड अशी घातक द्रव्ये तयार होतात. ते टाळायचे तर तारेचे तापमान कळले पाहिजे. एवढ्याशा तारेला तापमापक कुठे लावणार? म्हणून तारेलाच तापमापक करतात. धातू तापला की त्याचा विद्युत्‌रोध वाढतो. आपल्या जुन्या पिवळ्या दिव्याची तार पेटलेल्या अवस्थेत जेवढा रोध दाखवते, त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाएवढाच थंड असताना दाखवते. प्रयोगशाळांतील प्लॅटिनमचे तापमापक याच तत्त्वावर चालतात: शून्य अंशाला 100 ओहम, शंभर अंशाला 138.5 ओहम.

शुद्ध निकेलचा रोध दर अंशाला सुमारे 0.6 टक्क्याने वाढतो. म्हणजे 20 अंशाला 0.10 ओहम असलेले वेटोळे 220 अंशाला 0.22 ओहम दाखवील. वाढ दुपटीहून अधिक, मोजायला सोपी. पोलादाच्या स्टेनलेस तारेत तीच वाढ दर अंशाला 0.09 टक्क्याच्या आसपास असते, 0.50 ओहमचे 0.59 होते. हीटरमध्ये वापरतात त्या लोह-क्रोमिअम-ॲल्युमिनिअमच्या तारेचा रोध तापमानाने जवळजवळ बदलतच नाही, म्हणून त्या तारेवर तापमान-नियंत्रण चालतच नाही, उपकरणावर काहीही लिहिलेले असो. शिवाय सारा हिशेब थंड तारेच्या पहिल्या मोजणीवर उभा असतो. तार गरम असताना ती मोजणी झाली, किंवा तार धरणारा स्क्रू जरा सैल राहिला, तर पडद्यावर 220 दिसेल आणि तार भलत्याच तापमानाला असेल. तारेचा धातू कोणता हे विक्रेत्याच्या शब्दावर मानायचे, आणि विक्रेता उद्या त्या कोपऱ्यावर असेलच असे नाही. म्हणून तापमान-नियंत्रण आहे तर धोका नाही, हे म्हणणे मला मान्य नाही. करपणे टळले तरी निकोटिन व त्याची सवय राहतेच.

आता सेल. याच्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण वेप कधी हातात न घेणाऱ्यालाही हा भाग लागू आहे.

18650 या नावातच त्याचे माप आहे: 18 मिलिमीटर व्यास, 65 मिलिमीटर लांबी, शेवटचे शून्य गोल नळकांड्याचे. लिथिअम-आयन बॅटरी बाजारात आणली ती सोनी कंपनीने, 1991 मध्ये. तिच्यामागच्या संशोधनाला रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले 2019 मध्ये, योगायोगाने आपल्या वेपबंदीच्याच वर्षी. या सेलचा सरासरी दाब 3.6 ते 3.7 व्होल्ट, पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्ट. विकत घेताना लोक पाहतात ती क्षमता, मिलिअँपिअर-तासांत. आणि येथेच बाजार त्यांना फसवतो. एवढ्या आकाराच्या सेलमध्ये चांगल्यातल्या चांगल्या कारखान्यालाही साधारण 3500 ते 3600 मिलिअँपिअर-तासांपलीकडे जाता आलेले नाही. तरीही टॉर्चबरोबर मिळणाऱ्या सेलवर 6800, 9900 असे आकडे सर्रास छापलेले दिसतात. असा आकडा दिसला की बाकी काही तपासण्याची गरज नाही. तो सेल खाली ठेवावा. दुकानात काटा असेल तर वजन करून पाहावे. चांगला सेल 45 ते 50 ग्रॅम भरतो, आणि पोकळ बाता मारणारा बरेचदा त्याहून पुष्कळ हलका निघतो.

क्षमतेपेक्षा महत्त्वाचा आकडा दुसराच, आणि तो पाहणारे थोडे: सेल सतत किती अँपिअर प्रवाह सुरक्षितपणे देऊ शकतो. टाकी मोठी असणे वेगळे आणि तिची तोटी मोठी असणे वेगळे. क्षमता वाढवायची तर आतल्या पट्ट्यांवर जाड थर द्यावा लागतो. प्रवाह वाढवायचा तर पातळ. दोन्ही एकदम मिळत नाहीत. सॅमसंगचा 2500 मिलिअँपिअर-तासांचा एक प्रसिद्ध सेल 20 अँपिअर देतो. 3400 च्या आसपासचे कित्येक सेल त्याच्या अर्ध्यापेक्षाही कमी प्रवाहासाठी बनवलेले असतात. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतून काढलेला सेल टॉर्चला चालेल, पण ड्रिल मशीनला वा वेपला तो धोक्याचा, तो याच कारणाने.

हिशेब अवघड नाही. 60 वॉट मागणारे उपकरण एका सेलवर चालते आहे आणि सेल उतरत 3.2 व्होल्टवर आला आहे, असे धरू. उपकरणातील दहा टक्के घट धरली तर सेलमधून सुमारे 21 अँपिअर खेचले जातील. भरलेल्या सेलवर हेच काम 16 अँपिअरमध्ये होते. सेल रिकामा होत असतानाच त्याच्यावरचा ताण वाढतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ज्या वेपमध्ये नियंत्रक मंडलच नसते, तेथे तर 0.1 ओहमचे वेटोळे लावल्यास 42 अँपिअरची मागणी होते. कोणत्याही प्रामाणिक 18650 सेलच्या आवाक्याबाहेरची. मग सेल आतून तापतो, उष्णतेने आतली अभिक्रिया वाढते, अभिक्रियेने उष्णता वाढते, आणि हे चक्र एकदा सुटले की बाहेरून थांबवता येत नाही.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2017 मध्ये तेथील 2009 ते 2016 या काळातील वेपच्या आगी व स्फोटांच्या 195 घटना तपासल्या. त्यांतील 60 घटना उपकरण वापरात असताना, 48 चार्जिंग चालू असताना, आणि 61 ते उपकरण किंवा त्याचा सुटा सेल नुसता खिशात असताना घडल्या होत्या. खिशात स्फोट होण्याचे कारण समजून घ्यावे. सेलचे सारे अंग ऋण टोक असते. धन टोक म्हणजे वरची छोटी टिकली. या दोहोंमध्ये असते ते वरचे पातळ प्लास्टिकचे आवरण आणि एक कागदी कडी. किल्ली, नाणे यांनी ती दोन टोके जोडली गेली की झाले. म्हणून सुटा सेल नेहमी प्लास्टिकच्या डबीत ठेवावा. आवरण फाटलेला सेल वापरू नये. आवरण बदलून नवा म्हणून विकलेला जुना सेल ओळखणे घरी कठीणच असते. तेव्हा खरेदी पावतीसह, ओळखीच्या दुकानातून करावी. दोन सेल लागणाऱ्या उपकरणात एकाच वेळी घेतलेली जोडी कायम एकत्र वापरावी. जुना आणि नवा एकत्र घातला तर दुबळा आधी संपतो आणि दुसरा त्याला उलटा दाबतो.

आपल्याकडे लिथिअम सेल आणि पॉवर बँक यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. वस्तूवर ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडे असतात. ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये ते घातले की कारखाना व उत्पादन दिसते. जेल रोडवर असो वा म्हापशात, हे काम दुकानातच उभे राहून करावे, घरी येऊन नव्हे. पॉवर बँकेवरचा 20,000 हा आकडा 3.7 व्होल्टच्या हिशेबाचा, म्हणजे 74 वॉट-तास. फोनला 5 व्होल्टने वीज देताना रूपांतराची घट जाऊन हाती सुमारे 12 ते 13 हजारच येतात. ती फसवणूक नाही. विमानात पॉवर बँक व सुटे सेल हातातल्या सामानातच न्यायचे असतात, आणि परवानगीशिवाय मर्यादा 100 वॉट-तासांची. वेप मात्र कोणत्याही सामानात नको.

इंदूरसारख्या गावात आणखी एक गोष्ट मध्ये येते, ती उन्हाळा. तेथे मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जातो, आणि बहुतेक लिथिअम-आयन सेल 0 ते 45 अंशांतच चार्ज करायचे असतात. पत्र्याच्या छपराखाली, भर दुपारी, गाडी नुकतीच थांबवून लगेच चार्जिंगला लावली तर ती मर्यादा सहज ओलांडली जाते. अर्धा तास सावलीत निवू द्यावी. ई-रिक्षावाल्यांत आता लेड-ॲसिडच्या चार बॅटऱ्या काढून लिथिअमचा संच बसवण्याकडे कल आहे. त्यात लोह-फॉस्फेट प्रकार घ्यावा. त्याचा प्रत्येक सेल 3.2 व्होल्टचा, सोळा मिळून 51.2. वजनाच्या मानाने साठा कमी, पण तापल्यावर भडकण्याची प्रवृत्तीही पुष्कळ कमी. जुना लेड-ॲसिडचा चार्जर मात्र त्याला लावू नये. चार पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

तंबाखू सोडण्यासाठी वेपकडे वळणारेही असतात, त्यांच्यासाठी एक आकडा. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण मध्य प्रदेशात 34.2 टक्के होते, गोव्यात 9.7 टक्के, देशात सर्वांत कमी प्रमाणांत गोव्याची गणना झाली. सोडायची इच्छा असेल तर 1800-11-2356 हा केंद्र सरकारचा निःशुल्क दूरध्वनी आहे. बेकायदा उपकरणापेक्षा तो बरा.

राहिला प्रश्न मेलेल्या सेलचा. इंदुरात घरोघरचा कचरा सहा प्रकारांत वेगळा घेतात: ओला, सुका, प्लास्टिक, स्वच्छताविषयक, घरगुती घातक आणि इलेक्ट्रॉनिक. सुक्या कचऱ्यात गेलेला लिथिअम सेल गाडीत वा गठ्ठे बांधणाऱ्या यंत्रात दाबला गेला तर तेथेच पेट घेऊ शकतो, हे पाहता शेवटच्या दोन प्रकारांचे मोल कळते. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरणाऱ्यालाही जुनी बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवण्यास सांगितले आहे, आणि परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. ते नियम गोव्यालाही लागू आहेत. टाकण्यापूर्वी सेलच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावावी. फुगलेली बॅटरी टोचू नये, चार्ज करू नये. वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, उन्हापासून दूर ठेवावी आणि इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांच्या हाती द्यावी. पेटलीच तर धूर विषारी असतो. आधी सर्वांना बाहेर काढावे, 101 वर कळवावे. लहान बॅटरी असेल व सुरक्षित अंतर राखता येत असेल, विजेशी जोडलेली नसेल, तर पुष्कळ पाणी ओतून ती थंड करावी, कारण ज्वाळा विझल्या तरी आतली उष्णता उरली तर ती काही वेळाने पुन्हा पेटते.