गाडी गेली, कागद राहिला

मोटरसायकल चोरीला जाणे ही आपल्याकडे आता बातमीही उरलेली नाही. पुण्यात राहणाऱ्या कोणाच्याही ओळखीत अशी एक तरी गाडी गेलेली असतेच. दोन दिवस आसपासच्या गल्ल्या धुंडाळल्या जातात, पोलिस ठाण्यात तक्रार होते, 'सापडली तर कळवू' असे उत्तर मिळते. विमा असला तर यथावकाश पैसे येतात आणि वर्षभरात दारात दुसरी गाडी उभी राहते. नुकसान होते, हळहळही होते; पण गाडी नेणारा तो चोर आणि ज्याची गेली तो फिर्यादी, याबद्दल कोणाच्या मनात शंका नसते. परदेशात नेमके हेच नाते बदलते. तेथे ज्याची गाडी गेली, त्यालाच आधी जाब द्यावा लागतो.

२०१४ च्या सप्टेंबरात इस्तंबूलमध्ये माझी बुलेट चोरीला गेली, तेव्हा हे मला कळले. गाडी मुंबईहून जहाजाने इराणच्या बंदर अब्बासला पाठवली होती. तेथून शिराझ, इस्फहान, तब्रीझ असा प्रवास करून, अरारात पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या बाझरगानच्या नाक्यावरून मी तुर्कस्तानात शिरलो होतो. अक्सराय भागातील एका लहानशा लॉजसमोर, हँडल लॉक केलेली आणि लोखंडी खांबाला साखळीने बांधलेली गाडी रात्री होती. सकाळी खांब होता आणि तोडलेली साखळी होती. दोघातिघांनी मिळून गाडी उचलून टेम्पोत घातली, की हँडल लॉक बिचारे काय करणार?

व्हित्तोरिओ दे सिकाचा १९४८ सालचा 'बायसिकल थीव्ज' ज्यांनी पाहिला असेल, त्यांना पहिल्या दिवसाचे वर्णन करून सांगायला नको. पोस्टरे चिकटवण्याच्या नोकरीसाठी सायकल लागते, ती पहिल्याच दिवशी जाते आणि बाप-लेक रोमभर ती शोधत हिंडतात. मीही तसाच हिंडलो. गॅरेजे पाहिली, सुट्या भागांची दुकाने पाहिली, दर वळणावर टपटप आवाज ऐकू आल्याचा भास झाला. पण त्या चित्रपटातल्या गरीब बापाला 'तूच सायकल विकली नाहीस कशावरून?' असे कोणी विचारले नव्हते. मला तो प्रश्न पुढच्या अकरा दिवसांत अनेकदा विचारला गेला.

प्रश्न विचारणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. परदेशी गाडी देशात येते ती जकात न भरता, 'परत घेऊन जाईन' या बोलीवर. तुर्कस्तानात मोटारगाड्यांवर भारी कर आहेत. त्यामुळे बाहेरून आणलेली गाडी गुपचूप विकून 'चोरीला गेली' अशी बोंब ठोकण्यात कोणाचाही फायदा होऊ शकतो. तसे करणारे महाभाग जगात होऊन गेले आहेत, म्हणून तर हे नियम झाले. त्यांच्या लबाडीचे व्याज मागून येणारे प्रामाणिक लोक भरतात.

ही बोली दोन प्रकारे लिहून घेतली जाते. तुर्कस्तानात सीमेवर गाडीची नोंद थेट प्रवाशाच्या पासपोर्टाला जोडली जाते. तेव्हाचा नियम असा, की गाडीसह आलात तर गाडीसहच जायचे. गाडी न्यायची नसेल, तर कस्टम्सच्या हवाली केल्याशिवाय तुम्हालाही जाता येत नसे. दुसरा प्रकार 'कार्ने' नावाच्या पुस्तिकेचा. हा गाडीचा पासपोर्टच म्हणा ना. इराणसारख्या देशात त्याच्याशिवाय प्रवेश नाही. त्याच्या प्रत्येक पानाचे तीन तुकडे असतात. एक तुकडा देशात शिरताना फाडून घेतात, एक बाहेर पडताना आणि तिसरा दोन्ही शिक्क्यांसह पुस्तिकेतच राहतो. मुदत एक वर्षाची. कार्ने देणारी संस्था त्या त्या देशांच्या जकातीची हमी घेते आणि म्हणून आपल्याकडून बँकेची हमी मागते. काही देशांसाठी ही रक्कम गाडीच्या किमतीहूनही जास्त असते. गाडी मायदेशी परतल्याची खात्री पटली, की हमी मोकळी होते.

माझ्या हमीमागे ठेव होती ती ताईची. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात शिकवून तिने बाजूला टाकलेले ते पैसे होते आणि पुढल्या जूनमध्ये भाचीच्या प्रवेशासाठी ते लागणार होते. त्या रात्री फोन केला तेव्हा ती म्हणाली, "गाडीचं मरू दे रे, तू धड आहेस ना?" मग थोडे थांबून, जरा हळू आवाजात, "पण त्या ठेवीचं काय होईल, तेवढं विचारून ठेव हं." तेवढ्या एका वाक्याने माझे गाडी शोधणे संपले. गाडी मिळण्याची आशा नव्हती. कागद मात्र मिळवता येण्यासारखे होते.

विम्याचा आधार नव्हता. आपल्या गाडीचा विमा भारतापुरता असतो. जादा हप्ता भरून तो नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीवपर्यंत वाढवता येतो, त्यापलीकडे नाही. सीमेवर जो विमा घ्यावाच लागतो, तो आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान केले तर; आपली गाडी गेली तर नव्हे.

पोलिसांनी तक्रार घेतली. भाषा येत नव्हती, पण तारीख, हिशेब, मोहोर, वकील हे आपले शब्द थोड्याफार फरकाने तेथेही चालतात, याचा त्या दिवसांत मोठा धीर वाटला. लॉजमधला एक पोरगा दुभाषी झाला. ठाण्यातल्या अधिकाऱ्याला गाडीचा रंग, साखळीचा फोटो यांत फारसा रस नव्हता. त्याला हवे होते चासिस आणि इंजिन यांचे क्रमांक. चासिसचा सतरा अक्षरांकांचा क्रमांक त्याने दोनदा पडताळून लिहिला. तेव्हा ते सव्यापसव्य वाटले. पण पुढे प्रत्येक कचेरीत पहिले बोट त्या क्रमांकावरच पडले. नंबर प्लेट बदलता येते. सरकारच्या लेखी गाडी म्हणजे तो क्रमांक. त्यातले एक अक्षर चुकले असते, तर चोरीला गेलेली गाडी माझी नव्हे, भलतीच कुठली तरी ठरली असती.

मग त्या नोंदीची प्रत, तिचे अधिकृत भाषांतर, भारतीय वकिलातीत खेप आणि शेवटी कस्टम्सची कचेरी. तेथील साहेबाने किल्ल्या मागितल्या. दोन्ही मूळ किल्ल्या टेबलावर ठेवल्या, तेव्हा त्याचा स्वर किंचित मऊ झाला. विकलेल्या गाडीबरोबर किल्ल्याही जातात, हा त्याचा साधा हिशेब असावा. अकराव्या दिवशी माझ्या पासपोर्टावरची गाडीची नोंद निकाली निघाली आणि मी विमानतळाचा रस्ता धरला.

मुंबईत दुसरा अंक सुरू झाला. कार्नेची सारी व्यवस्था १९५४ साली न्यूयॉर्कला झालेल्या एका आंतरराष्ट्रीय करारावर उभी आहे. अपघातात पार मोडलेल्या गाडीसाठी त्यात तीन वाटा ठेवल्या आहेत: जकात भरा, गाडी सरकारला सोडून द्या किंवा सरकारी देखरेखीखाली ती नष्ट करा. पण यांतल्या शेवटच्या दोन वाटांसाठी गाडी समोर असावी लागते. चोरीला गेलेल्या गाडीच्या वाट्याला पहिलीच उरते. कार्ने बंद करताना काही राहून गेले असेल, तर त्यासाठीही एक दाखला आहे, गाडीच्या ठावठिकाण्याचा. गाडी अमुक ठिकाणी समक्ष पाहिली, असे कस्टम्सने, पोलिसाने किंवा वकिलातीने त्यावर लिहून द्यायचे. ज्या गाडीचा ठिकाणा चोरालाच ठाऊक, तिचा दाखला कोण देणार? अखेर तुर्की कस्टम्सचा कागद आणि इराणच्या पानावरचे आत-बाहेरचे दोन्ही शिक्के कामी आले. २०१५ च्या मे महिन्यात ताईची ठेव मोकळी झाली. भाचीची फी वेळेवर भरली गेली.

हे सारे सांगायचे कारण, आता आपली मुलेमुली मोठ्या संख्येने दुचाकीवर परदेश पाहायला निघतात. स्वतःची गाडी नेणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच: चासिस आणि इंजिनचे क्रमांक, आरसी बुक आणि कार्नेची पाने यांचे फोटो घरच्यांकडे ठेवून जा. दुसरी किल्ली गाडीच्या खणात नव्हे, अंगावर ठेवा. चोरी झालीच तर त्याच दिवशी पोलिसांत जा, कार्ने देणाऱ्या संस्थेला कळवा आणि कस्टम्सचा कागद हाती पडेपर्यंत देश सोडायची घाई करू नका. सीमा ओलांडल्यावर तो कागद मिळवणे दसपट अवघड.

बाली, फुकेत किंवा व्हिएतनाममध्ये चार दिवस स्कूटर भाड्याने घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी, पण तत्त्व तेच. तेथे गाडी गेली की दुकानदार नव्या गाडीची किंमत मागतो आणि तुमचा पासपोर्ट त्याच्याकडे तारण असेल, तर मागेल ती रक्कम मोजावी लागते. भाड्याने दिलेली गाडी दुसऱ्या किल्लीने गुपचूप परत नेणारे बेरकी दुकानदारही तिकडे आहेत. म्हणून पासपोर्ट तारण ठेवू नका. रोख अनामत द्या. कुलूप स्वतःचे लावा आणि गाडी गेल्यास किती भरायचे, तो आकडा आधीच कागदावर घ्या. त्या देशात चालणारा परवाना जवळ नसेल, तर प्रवासविमाही बहुधा हात वर करतो.

कोणत्याही कचेरीने मला गाडीबद्दल 'वाईट झाले' असे म्हटले नाही आणि तशी अपेक्षाही नव्हती. ज्या गाडीवर बसून वाळवंट ओलांडले, पावसात भिजलो, अनोळखी गावांत ओळखी झाल्या, तिच्या दुःखासाठी कुठल्याच अर्जात रकाना नसतो. ते दुःख माणसाने आपल्यापुरते करायचे. पण आधी कागद पुरे करायचे. कारण चोर फक्त गाडी नेतो. अर्धवट राहिलेला कागद घरातल्या दुसऱ्याच कोणाची तरी पुंजी नेऊ शकतो.